आरजी ३४ : जर्मन सैन्याच्या रायफल-सफाईच्या डब्या ओळखणे आणि जमवणे

लोखंडी कपाट (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वस्तूंच्या बाजारात सर्वांत जास्त वेळा दिसणारी आणि सर्वांत कमी निरखून विकत घेतली जाणारी वस्तू कोणती, असे विचारल्यास मी 'राइनिगुंग्सगेरेट ३४', अर्थात आरजी ३४ या चपट्या पत्र्याच्या डबीचे नाव घेईन. कारबिनर ९८के या रायफलीचे एकूण उत्पादन एक कोटी चाळीस लाखांच्या घरात गेले. त्यामुळे तिच्याबरोबर सैनिकाला मिळणारी ही डबी दुर्मीळ असण्याचे काही कारण नाही. मात्र आज विकायला येणाऱ्या डब्यांपैकी आतले सगळे सामान खरोखर एका काळातले आहे अशा डब्या थोड्या असतात, आणि हा धागा मुख्यतः त्याविषयी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो. १८९८ च्या माउझर रायफलीत नळीखाली एक आखूड सळई असे. एका सळईने नळी साफ होत नसे. इतर सैनिकांच्या सळया तिच्यात फिरवून बसवल्या की एक पूर्ण लांबीची सळई तयार होई. म्हणजे रायफल साफ करायला सोबती हाताशी लागत. १९३४ मध्ये आलेल्या आरजी ३४ मुळे हे परावलंबन संपले, कारण सळईचे काम साखळीकडे गेले आणि सफाईचे सर्व सामान साधारण १३५ मिलिमीटर लांब, ८५ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड अशा एका डबीत मावू लागले. कमरपट्ट्याला लटकणाऱ्या शिदोरीच्या कापडी पिशवीत ती सहज राहत असे. (९८के रायफलीवर ती आखूड सळई पुढेही कायम राहिली. ही गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. सैन्यात एकदा शिरलेली वस्तू सहजासहजी बाहेर पडत नाही.)

डबीला बिजागरीची दोन झाकणे असतात. आत चपटी तेलाची डबी, नळीतून ओढायची साखळी, नळी घासण्याचा ब्रश, तेल लावण्याचा ब्रश, पत्र्याचे एक वाकडे हत्यार आणि सुती वातींचे तुकडे असा ऐवज असतो. ते हत्यार पाहून बरेच जण गोंधळतात. रायफलीच्या मॅगझिनचा (काडतुसांच्या पेटीचा) तळ उघडणे आणि एका टोकाला वात गुंडाळून बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या, बोट न पोहोचणाऱ्या जागेतील काजळी पुसणे ही दोन कामे त्याने होतात. तळ उघडण्यासाठी काडतुसाचे टोकही चालत असे, पण आतली काजळी पुसायला मात्र हे हत्यारच लागे.

साखळी वापरण्याची रीतही समजून घ्यावी, कारण डबीतील झीज ओळखताना तिचा उपयोग होतो. बोल्ट काढून रायफल तोंडाकडून खाली झुकवली की साखळी स्वतःच्या वजनाने चेंबरमधून (काडतूस बसते त्या मागच्या खणातून) नळीत उतरते. तिच्या मागच्या टोकाला ब्रश किंवा वात अडकवलेली असते, आणि पुढचे टोक नळीच्या तोंडाबाहेर आले की ते धरून सरळ रेषेत ओढायचे असते. तिरके ओढले तर साखळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासते, आणि ही कड झिजली की नेम बिघडतो. सुरुवातीच्या साखळ्या अॅल्युमिनियमच्या होत्या, कारण मऊ धातूमुळे नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) सुरक्षित राहत. युद्धाच्या उत्तरार्धात विमानांसाठी अॅल्युमिनियमची ओढ वाढली आणि पोलादी साखळ्या आल्या. चुंबक लावून हा फरक क्षणात कळतो. तरीही खरेदीला निघालेल्यांच्या खिशात चुंबक क्वचितच असतो.

आता शिक्के आणि लेप. युद्धापूर्वीच्या डब्यांवर जस्ताचा मुलामा असतो, आणि झाकणावर 'जी. अपेल' यासारखे कारखान्याचे नाव व १९३६ किंवा १९३८ असे पूर्ण वर्ष ठोकलेले असते. हा कारखाना म्हणजे बर्लिनच्या श्पांडाउ भागातील गुस्ताव अपेल. युद्ध सुरू झाल्यानंतर शत्रूला कारखान्यांचा माग लागू नये म्हणून नावांच्या जागी सांकेतिक अक्षरे आली. अपेलला 'सीएनएक्स' मिळाले, तर शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या माग्डेबुर्गच्या मुंडलोस कारखान्याला 'एबी' मिळाले, आणि वर्षही '४२', '४३' असे दोन आकड्यांवर आले. मुलामाही बदलत गेला. जस्ताऐवजी राखाडी रंग किंवा काळपट निळी झाक दिसू लागली, आणि शेवटच्या काळात कामाचा एकंदर दर्जाच उतरला. याशिवाय शस्त्रखात्याच्या तपासनिसाचा गरुड आणि क्रमांक असलेला बारीक शिक्का डबीवर आणि कधी आतल्या वस्तूंवरही आढळतो.

माझे म्हणणे इतकेच आहे की डबी घेताना 'संच पूर्ण आहे का' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न 'या वस्तू एकमेकींच्या काळातल्या आहेत का' हा असावा. १९३७ ची जस्ताची डबी, तीत अॅल्युमिनियमची साखळी, एकच ब्रश आणि तेलाची डबी गायब, असा अपुरा संच मी आनंदाने घेईन. त्याच डबीत पोलादी साखळी, दोन कोरे करकरीत ब्रश आणि पांढऱ्याशुभ्र वाती असतील, तर ती विक्रेत्याच्या टेबलावर भरली गेली असे समजून मी पुढे जाईन.

शंकेखोर

लेख आवडला, परंतु शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. एका काळाच्या वस्तू हव्यात हा आग्रह संग्राहकाचा आहे. सैन्याचा तो कधीच नव्हता. ब्रश झिजला की भांडारातून नवा मिळे, आणि साखळी तुटली की जी हाताला लागेल ती दिली जाई. १९३७ ची डबी १९४४ पर्यंत वापरात राहिली असेल तर तीत १९४४ ची पोलादी साखळी सापडण्यात गैर काय आहे? उलट सात-आठ वर्षे वापरलेल्या डबीत सगळेच सामान १९३७ चे निघाले तर मला जास्त शंका येईल. आपण ज्याला भेसळ म्हणतो ती कदाचित त्या डबीची खरी हकिकत असेल.

लोखंडी कपाट

शंकेखोर, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो मला मान्यही आहे, मात्र एका अटीवर. सैन्यात बदललेला सुटा भाग आणि टेबलावर घातलेला सुटा भाग यांत फरक करता आला पाहिजे, आणि बहुतेक वेळा तो करता येतो. डबीत वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या वस्तू एकमेकींवर खुणा सोडतात. साखळीचे दुवे जिथे पत्र्याला टेकतात तिथे आतल्या बाजूस त्यांच्याच आकाराचे बारीक ठसे उठलेले असतात. तेलाची डबी थोडी जरी पाझरत असली तरी तिच्या कप्प्यात तपकिरी, लाखेसारखा थर जमतो आणि त्या थराची कड डबीच्या आकाराशी जुळते. ब्रश बाहेर काढल्यावर त्याच्याखालचा पत्रा आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. पोलादी साखळी १९४४ मध्ये आत आली असेल, तर तिच्या गंजाचे डाग आतल्या जस्तावर उतरलेले असायला हवेत. साखळी गंजलेली आणि तिच्याखालचा पत्रा स्वच्छ असेल, तर ती गेल्या महिन्यात आत आली आहे. अशा खुणा जुळत असतील तर मिश्र संचही मी तितक्याच मानाने कपाटात ठेवीन.

स्टुटगार्टचा पाहुणा

मी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो आणि इथल्या रविवारच्या जुन्या बाजारांत या डब्या अधूनमधून पाहतो, म्हणून दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट कायद्याची आहे. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार नाझी राजवटीची चिन्हे सार्वजनिकरीत्या मिरवणे आणि त्यांचा प्रसार करणे हा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला आणि इतिहासाच्या कामासाठी त्यात अपवाद आहेत. तपासनिसाच्या शिक्क्यातील गरुडाच्या पायांत स्वस्तिक स्पष्ट दिसत असेल, तर विक्रेते त्यावर कागदाची चिकटपट्टी लावून माल मांडतात, आणि आंतरजालावरील छायाचित्रांतही तो भाग झाकलेला असतो. भारतातून केवळ छायाचित्र पाहून खरेदी करणाऱ्यांना त्यामुळे नेमकी महत्त्वाची जागाच दिसत नाही. पट्टीखाली काय आहे हे कळल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट नवख्यांसाठी आहे. 'जर्मन सैन्याची सफाई पेटी' म्हणून विकायला येणाऱ्या वस्तूंत प्लास्टिकच्या हिरवट डब्या भरपूर असतात. त्या पश्चिम जर्मनीच्या सैन्याने १९५९ पासून स्वीकारलेल्या जी३ रायफलीच्या आहेत. आतली मांडणी आरजी ३४ ची नात शोभावी अशी आहे. साखळी आहे, ब्रश आहेत, तेलाची डबी आहे. वस्तू चांगली आणि स्वस्त आहे. ती युद्धकाळातली म्हणून गळ्यात मारली जात असेल, तेवढेच टाळावे. डबी प्लास्टिकची असेल तर पुढची चर्चा संपली.

तिसरी गोष्ट म्हणजे वाळूच्या रंगाने रंगवलेल्या डब्या, ज्या 'आफ्रिका कोअर'च्या (उत्तर आफ्रिकेतील जर्मन फौजेच्या) म्हणून चढ्या भावाने मांडल्या जातात. जी वस्तू दिवसभर कापडी पिशवीच्या पोटात राहणार, तिला वाळवंटात मिसळून जाण्याचा रंग देण्याची गरज काय, हे मला कोणत्याही विक्रेत्याने अजून सांगितलेले नाही.

जुन्या बाजारातला

पाहुणे, रंगाबद्दलचा तर्क पटला. मला एक डबी दाखवली गेली आहे, जिच्या झाकणावर एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या) दोन विजेसारख्या रेघा ठोकलेल्या आहेत, आणि किंमत साध्या डबीच्या कितीतरी पट सांगितली आहे. झाकणावर सीएनएक्सचा शिक्का आहे, तो खरा वाटतो. काय करावे?

लोखंडी कपाट

घेऊ नये. खऱ्या डबीवर खोटा शिक्का ठोकणे हा या बाजारातला सर्वांत सोपा धंदा आहे, कारण मूळ माल स्वस्त आणि मुबलक आहे. एका ठोक्यात किंमत अनेक पट होत असेल, तर तो ठोका मारणारे हात कमी नसतात. एसएसच्या खुणा असलेली डबी, तिच्यामागे भक्कम कागदोपत्री पूर्वेतिहास नसेल तर, मी अजिबात स्वीकारत नाही.

तरीही पाहायचीच असेल तर दहापट दाखवणारे भिंग घ्या आणि दोन्ही शिक्के शेजारी शेजारी तपासा. कारखान्याचा शिक्का पत्रा कापताना किंवा घडवताना बसलेला असतो आणि मुलामा त्यानंतर चढतो, म्हणून अक्षराच्या खोबणीतही तोच मुलामा आणि तीच जुनी मळकट छटा दिसते. नंतर ठोकलेल्या खुणेच्या तळाशी उघडे पोलाद चमकते, किंवा ते लपवण्यासाठी आत काळे काहीतरी भरलेले असते. खोबणीच्या दोन्ही काठांवर वर आलेला धातूचा बारीक कंगोराही पाहा. जुन्या शिक्क्याचा कंगोरा हाताळणीने बसून गेलेला असतो, नव्याचा नखाला लागतो. झाकण उघडून मागची बाजूही तपासावी. तयार डबीवर ठोका बसला की पातळ पत्रा आत दबतो आणि तिथला जुना थर तडकतो. तपासनिसाचा गरुड मात्र तयार मालावर नंतर उमटवलेला असू शकतो, त्यामुळे त्याच्या खोबणीत मुलामा नसला तरी तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नये.

रसायनवाला

सुती वातींबद्दल कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. कापडाला पांढरेशुभ्र दाखवणारी प्रकाशवर्धक रसायने युद्धोत्तर काळात सर्रास वापरात आली, आणि ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. अंधाऱ्या खोलीत वातींवर अतिनील विजेरी धरली आणि त्या दिव्यासारख्या उजळल्या, तर त्या नव्या आहेत असे मानण्यास मोठा आधार मिळतो. मात्र जुनी वात कुणी आजच्या साबणपावडरने धुतली असेल तर तीही चमकेल, आणि न चमकणारी नवी सुतेही बाजारात मिळतात. म्हणून ही चाचणी नकार द्यायला चांगली आहे, होकार द्यायला अपुरी आहे.

सैनिकाला ही सगळी यातायात रोजच्या रोज का करावी लागे, त्याचे कारणही रसायनात आहे. त्या काळच्या बहुतेक काडतुसांच्या टोपीतील स्फोटक मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीच्या आतल्या बाजूला बसे. हा मिठासारखाच क्षार आहे. तो हवेतील ओल धरतो आणि पोलाद खातो. केवळ तेलाने तो विरघळत नाही, त्याला पाणी लागते. म्हणून गरम पाण्याने नळी धुणे, वातीने ती कोरडी करणे आणि मग तेलाच्या ब्रशने पातळ हात फिरवणे हा क्रम महत्त्वाचा ठरतो. डबीत दोन वेगळे ब्रश का आहेत याचे उत्तरही त्यातच आहे, कारण काजळी घासणारा ब्रश तेल लावायला घेतला तर तीच घाण पुन्हा नळीत जाते.

शंकेखोर

रसायनवाले, मग मुंबईसारख्या दमट हवेत या डब्या टिकवायच्या कशा? माझ्याकडील जस्ताच्या डबीवर गेल्या पावसाळ्यात पांढरी भुकटी आली. व्हिनेगर लावून साफ करण्याचा सल्ला मिळाला आहे.

रसायनवाला

व्हिनेगर कृपा करून लावू नका. ती पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचाच गंज आहे, आणि जस्त आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. व्हिनेगरने भुकटी जाईल, पण तिच्याबरोबर उरलासुरला मुलामाही जाईल आणि खाली राखाडी पोलाद उघडे पडेल. एवढे झाले की त्या डबीचे युद्धपूर्व रूप परत येत नाही. बाजारातील गंज काढणारी द्रावणे आणि विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची घरगुती पद्धत यांनाही हीच मनाई लागू आहे. मऊ, कोरड्या ब्रशने भुकटी झाडावी, स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, डबी पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि संग्रहालयांत वापरतात त्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ थर द्यावा.

अॅल्युमिनियमची साखळी डबीत ठेवायचीच असेल तर मध्ये आम्लरहित कागदाचा तुकडा घालावा. ओल मिळाली की अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेल्या जागी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते. साखळीच्या दुव्यांवर टेकलेल्या जागीच पांढरे खड्डे दिसतात ते यामुळे. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात किंवा चामड्याच्या वस्तूंबरोबर डबी ठेवू नये. ओक लाकडाचे कपाट दिसायला राजेशाही असले तरी त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत सुटत असते आणि ती जस्ताला मानवत नाही. साधा झाकणबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा आहेत. मात्र पुड्या पावसाळ्यात अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात, आणि नेमके तेच सर्वजण विसरतात.

जुन्या बाजारातला

एसएसची डबी सोडली. आता दुसऱ्या विक्रेत्याने सांगितले आहे की त्याच्याकडील डबी सुभाषबाबूंच्या जर्मनीतील आझाद हिंद फौजेतील सैनिकाची आहे. यात तथ्य असू शकेल का? ऐकून हात शिवशिवतात, हे खरे.

लोखंडी कपाट

हात आवरा. फौज खरी होती, यात शंका नाही. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून ती उभी राहिली, ड्रेस्डेनजवळच्या क्यॉनिग्सब्रुक येथे तिचे प्रशिक्षण झाले, जर्मन सैन्यात ती ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट म्हणून ओळखली गेली, आणि पुढे ती नेदरलँड्स व फ्रान्सच्या किनाऱ्यावर तैनात झाली. सामान जर्मन असल्यामुळे तिच्या सैनिकांकडे आरजी ३४ असणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की डबीवरचे शिक्के कारखाना, वर्ष आणि तपासनीस यांच्यापलीकडे काही सांगत नाहीत. डबी कोणत्या रेजिमेंटला गेली याची नोंद तिच्यावर नाही, त्यामुळे सैनिकाच्या घराण्याकडून आलेली कागदपत्रे सोबत नसतील तर ही कथा तिच्यात नंतर भरलेली आहे, असेच मानावे लागते. विक्रेता कथेचे वेगळे पैसे मागत असेल तर कथेचा वेगळा पुरावाही त्याने द्यावा.

स्टुटगार्टचा पाहुणा

कपाटकाकांच्या उत्तराला जोडून एक गोष्ट. युद्धानंतरही या रायफलींचे आयुष्य संपले नाही. नॉर्वेने हस्तगत केलेल्या ९८के रायफली .३०-०६ काडतुसासाठी बदलून वापरल्या, तर इस्रायलने त्या ७.६२ नाटो काडतुसासाठी बदलल्या. त्यामुळे 'सैन्यात बदललेला सुटा भाग' म्हणताना तो कोणत्या सैन्यात बदलला, हाही प्रश्न उरतो. शंकेखोरांची 'खरी हकिकत' १९४५ ला थांबतेच असे नाही.

आणि भारतात नेण्याविषयी मला कुणी व्यक्तिगत संदेशातून विचारले होते, त्याचे उत्तर इथेच देतो. सफाईची डबी हे शस्त्र नव्हे. पण भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या सुट्या भागांचाही 'शस्त्र' या व्याख्येत समावेश आहे, म्हणून डबीबरोबर बोल्टचा तुकडा किंवा नळीचा भाग 'शोभेसाठी' घेऊन येऊ नका. जुन्या डब्यांत कधी कधी एखादे काडतूस पडलेले असते, ते दोन्ही झाकणे उघडून आधी पाहा. विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडले तरी पोलीस प्रकरण होते. डबी मोठ्या सामानात ठेवावी. हातातल्या पिशवीत ती ठेवली तर क्ष-किरण यंत्रासमोर बसलेल्या माणसाला तीत साखळी आणि एक विचित्र हत्यार दिसते, आणि मग विमान सुटेपर्यंत आरजी ३४ चा इतिहास सांगत उभे राहावे लागते.

कृष्णाकाठची

मी संग्राहक नाही, परंतु हा धागा पूर्ण वाचला, कारण आमच्या सातारा जिल्ह्यातील घरी अशीच एक डबी आहे. माझे आजोबा त्या वेळच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९४४ साली इटलीत लढले. डबी त्यांनी तिथून आणली असे घरी सांगतात. त्यांचे सेवापुस्तक आणि पदके आईने जपून ठेवली आहेत. झाकणावर तीन रोमन अक्षरे आणि '४३' असा आकडा आहे, रंग राखाडी आहे. आत साखळी, एक ब्रश, वाकडे हत्यार आणि तेलाची डबी आहे, वाती नाहीत. पुण्यातील एका व्यापाऱ्याने ती पाहून सांगितले की साखळी 'चुकीची' आहे, मूळ साखळी पांढऱ्या हलक्या धातूची असते, आणि ही काढून देत असाल तर तो 'बरोबर' साखळी आणि दुसरा ब्रश घालून संच पूर्ण करून देईल. आईला हा प्रस्ताव पटला आहे. मी काय करावे?

लोखंडी कपाट

ताई, आधी त्या व्यापाऱ्याला नको म्हणून कळवा आणि मग पुढचे वाचा.

यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना ज्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, तीच ही इटलीची आघाडी. घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले, तर जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर. समोर जर्मन सैन्य होते, आणि हातघाईच्या लढाईनंतर ताब्यात आलेल्या खंदकांत अशा डब्या पडलेल्या असणार. '४३' सालची डबी १९४४ मध्ये इटलीत असणे काळाशी पूर्ण जुळते, आणि तुमच्याकडे सेवापुस्तक आहे. या धाग्यावर कथांचे पुरावे मागणारा मी, तुमच्या डबीबाबत मात्र म्हणतो की इतका पुरावा क्वचितच कुणाकडे असतो.

ती तीन अक्षरे सी, एन, एक्स अशी आहेत का ते पाहा. साखळीला चुंबक लावून पाहा. आणि साखळी उचलल्यावर खालच्या पत्र्यावर काही खुणा आहेत का तेही सांगा.

कृष्णाकाठची

अक्षरे तीच आहेत. चुंबक घट्ट चिकटतो. साखळीखालच्या राखाडी रंगावर दुव्यांच्या आकाराचे तांबूस डाग आहेत, एका ओळीत, आणि साखळी परत ठेवली की ती त्यांच्यावरच बसते. तेलाच्या डबीचे झाकण मात्र फिरत नाही.

शंकेखोर

कपाटकाका, ही तर आपल्या दोघांचीही डबी निघाली.

लोखंडी कपाट

निघाली खरी. ताई, पोलादी साखळी त्या काळाला साजेशी आहे आणि ती या डबीत दीर्घकाळ राहिली आहे, हे ते डागच सांगत आहेत. ते पुसू नका. व्यापाऱ्याची अॅल्युमिनियमची साखळी घातली असती तर संच मोजणीला पूर्ण झाला असता आणि तुमच्या आजोबांनी आणलेली वस्तू त्याच्या दुकानात गेली असती. दुसरा ब्रश आणि वाती नसल्या तरी नसू द्या, नव्या घालू नका.

तेलाच्या झाकणाला पकड लावू नका, पत्रा चेमटेल. आतले तेल ऐंशी वर्षांत लाखेसारखे घट्ट झाले असेल. सांध्यावर रॉकेलचे थेंब सोडून ते रात्रभर उभे ठेवा, दुसऱ्या दिवशी कोमट कापडात गुंडाळून हाताने फिरवून पाहा, आणि तरीही निघाले नाही तर तसेच ठेवा. डबीची, शिक्क्याची आणि त्या डागांची छायाचित्रे सेवापुस्तकाच्या पानाशेजारी ठेवून काढा आणि आजोबांचे नाव, पलटण व डबी घरात कशी आली हे आईच्या तोंडून ऐकून तिच्याच शब्दांत लिहून काढा. तो कागद डबीत मात्र ठेवू नका, राखाडी रंगावर शाई उतरते, सेवापुस्तकात ठेवा.